दावणीचे विमान



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे सगळे आयुष्य पाने, प्लग आणि लॉगबुक यांत गेले. लॉगबुकात चार ओळींच्या वर लिहायची सवय नाही. पण समितीतल्या मंडळींनी पिच्छा सोडला नाही. मग ठरवले की स्वतःबद्दल फार लिहायचे नाही. ज्या माणसाशी मी आयुष्यात एक शब्दही बोललो नाही, पण ज्याच्याकडे पाहून माझा धंदा शिकलो, त्याच्याबद्दल लिहायचे. तो माणूस म्हणजे जे. आर. डी. टाटा. आणि त्यांची ओळख मला करून दिली ती आपल्या टेक्निकलच्या सरांनी.

आठवत असेल तुम्हाला, ड्रॉइंगच्या खोलीत महाराष्ट्राचा एक मोठा नकाशा होता, खालची काठी निखळलेला. एका पावसाळी दुपारी सरांनी मला पुढे बोलावले आणि लांब पट्टी हातात दिली. पट्टीचे एक टोक पुण्यावर ठेवायला सांगितले, दुसरे कर्नाटकातल्या बळ्ळारीवर. मग पट्टीखाली कोणती गावे येतात ती मोठ्याने वाचायला लावली. फलटण आले. माण तालुका आला. आटपाडी आली. जत आले. मी आटपाडीचा. वसतिगृहात राहून सांगलीत शिकत होतो. आपल्या गावावरून जगातली कुठलीही महत्त्वाची रेघ जाते, हे मला तोवर माहीत नव्हते. दुष्काळी कामाच्या यादीत नाव येई, तेवढेच.

मग सरांनी सांगितले की १९३२ साली देशातले पहिले स्वदेशी हवाई टपाल सुरू झाले. कराची, अहमदाबाद, मुंबई, बळ्ळारी, मद्रास असा त्याचा मार्ग होता. पावसाळ्यात मुंबईचा मुक्काम पुण्याला हलवत, आणि पुण्याहून बळ्ळारीकडे सरळ जायचे तर हीच ती रेघ. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. सगळा मुलूख सातारा जिल्हा, आणि अधूनमधून फलटण, औंध, जत अशी संस्थाने. त्यांच्या डोक्यावरून दोघातिघांपुरते एक लहान विमान टपालाच्या थैल्या घेऊन जायचे. घंटा झाली, सरांनी नेहमीप्रमाणे कानशी आणि पाने मोजून घेतले, एक कमी होता तो सापडेपर्यंत कोणाला सोडले नाही, आणि आम्ही जेवायला गेलो. पण ती पट्टी माझ्या डोक्यातून गेली नाही.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभॉय टाटा, जमशेटजींच्या नात्यातले. आई सुझान, फ्रेंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समध्ये आर्देलो नावाच्या समुद्रकाठच्या गावी जाई. तिथेच लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. ब्लेरिओ म्हणजे १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले गृहस्थ. त्या वाळूवर विमाने उतरत आणि हा पोरगा ती डोळे भरून पाही. पंधराव्या वर्षी त्याला एका विमानातून फेरी मारायला मिळाली. तेव्हा जे मनात बसले ते अखेरपर्यंत निघाले नाही.

इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकायला जायचे मनात होते, पण फ्रेंच सैन्यातली सक्तीची नोकरी झाल्यावर वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले आणि कंपनीत कामाला बसवले. १९२६ साली वडील गेले. बावीस वर्षांच्या या मुलावर घरची आणि धंद्याची जबाबदारी आली. कॉलेजची पदवी नाही, मराठी-गुजराती तोडकीमोडकी, आणि डोक्यात विमान. मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा ते तिथे जाऊन बसू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. या देशात दिला गेलेला तो पहिलाच, क्रमांक एक. आपल्या सांगलीचा आयर्विन पूल खुला झाला तेही हेच वर्ष. आमच्या आजोबांना कृष्णा नावेतून ओलांडायची सवय होती, त्याच काळात हा गृहस्थ आकाशात एकटा फिरत होता.

पुढे त्यांनी स्वतःचे विमान घेतले, जिप्सी मॉथ जातीचे. आता इथे मला माझ्या धंद्याचे दोन शब्द सांगू द्या, म्हणजे विमान असणे म्हणजे काय ते कळेल.

त्या काळचे लहान विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले कापड. कापडावर डोप नावाचे द्रव्य लावतात, ते सुकताना कापड ढोलकीसारखे ताठ होते. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने हेच कापड कुजते. बोटाने दाबून पाहायचे, सैल लागले तर काढायचे. पंखांमधल्या तारांना गंज चढतो. लाकडाच्या सांध्यात ओल शिरते. पेट्रोल डब्यांतून येई, त्यात पाणी आणि कचरा असे, म्हणून ते मऊ चामड्यातून गाळून टाकीत ओतायचे. पाण्याचा एक थेंब कार्ब्युरेटरमध्ये अडकला तर इंजिन हवेत बंद पडते, आणि तिथे गाडी बाजूला घ्यायला रस्ता नसतो. प्लग काढून साफ करायचे, तेल पाहायचे, एकेक खिळा, एकेक पिन हाताने तपासायची. रात्री वाऱ्याने उलटू नये म्हणून विमानाला जमिनीत खुंट ठोकून दोरांनी बांधावे लागते. आजही बांधतात.

हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या दावणीचे खिलार आठवले. खरसुंडीच्या जत्रेतून बैलजोडी आणायची तर पैसे एकदाच मोजावे लागतात. त्यानंतर वैरण, पेंड, पाणी, खरारा, पत्र्या मारणे हे रोजचे. ज्याला ते जमत नाही त्याने जोडी घेऊ नये, असे माझे वडील मानत. दुष्काळात त्यांनी घरचे दागिने मोडले, पण बैलांची वैरण चुकवली नाही. विमानाचेही तसेच. घेणे सोपे, पाळणे अवघड. दावणीला बांधलेले जनावर आणि दोरांनी बांधलेले विमान, दोघेही बोलून दाखवत नाहीत, काय दुखते ते आपण ओळखायचे.

१९२९ च्या अखेरीस आगाखानांनी बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने, ठरलेल्या मुदतीत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. तिघे उतरले. मनमोहनसिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. अस्पी जेमतेम सतरा वर्षांचा पोरगा, तो इंग्लंडहून इकडे निघाला. जेआरडी मे १९३० मध्ये कराचीहून तिकडे निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचे प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींनी निघताना जादा प्लग बरोबर घेतले होते. त्यांनी ते अस्पीला काढून दिले. अस्पीने उपकार म्हणून स्वतःचे समुद्रात तरंगायचे जाकीट त्यांना दिले. दोघे आपापल्या दिशेने उडाले आणि शर्यत थोड्याशा फरकाने अस्पीने जिंकली. मनमोहनसिंगांना मुदत ओलांडल्यामुळे बक्षीस मिळाले नाही. हाच अस्पी पुढे १९६० साली आपल्या वायुदलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट सांगताना लोक जेआरडींच्या मोठ्या मनाचे कौतुक करतात, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र वर्कशॉपमधला माणूस. मला त्यात आधी दिसतात ते जादा प्लग. वाळवंटात प्लग मिळणार नाहीत हे घरून निघतानाच ज्याच्या लक्षात आले, त्यालाच दुसऱ्याला देता आले. ज्याच्या पेटीत काही नाही, त्याचे मन कितीही मोठे असले तरी तो काय देणार?

तेवढ्यात नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा दक्षिण आफ्रिकी वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला. तो पूर्वी विमानदलात होता आणि नंतर हिंदुस्थानभर विमाने घेऊन फिरला होता. इंपीरियल एअरवेजचे टपाल कराचीपर्यंत येई, तिथून पुढे दक्षिणेकडे ते आगगाडीने जाई. ते विमानाने न्यायचे, अशी त्याची कल्पना. जेआरडी तर वाटच पाहत होते. वृद्ध दोराबजी टाटांचे मन वळवायला थोडा वेळ लागला. सरकारने मदतीचा एक पैसाही द्यायला नकार दिला, नेलेल्या टपालाच्या वजनाप्रमाणे काय मिळेल ते मिळेल. तरी दोन लाख रुपये भांडवल घालून धंदा उभा राहिला. दोन पस मॉथ विमाने घेतली. बरोबर मोजकेच वैमानिक आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मेकॅनिक.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीहून पस मॉथ घेऊन एकटे निघाले. पाठीमागे सुमारे पंचवीस किलो टपाल. ताशी शंभर मैलांचा वेग. वर ना रेडिओ, ना रस्ता दाखवणारे कुठले यंत्र. खाली रेल्वेचे रूळ, नदी आणि किनारा पाहत जायचे. वाटेत एक पाखरू केबिनमध्ये शिरले, तेही आवरावे लागले. अहमदाबादला पेट्रोल भरले. ते पेट्रोल विमानतळावर आले होते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. मला ही बैलगाडी फार आवडते. देशाची पहिली हवाई टपालसेवा बैलांनी ओढत आणलेल्या पेट्रोलवर उडाली, हे आमच्या आटपाडीच्या खिलारांना सांगायला हवे. दुपारी दोनला दहा मिनिटे कमी असताना ते जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट दुसऱ्या पस मॉथमध्ये टपाल घेऊन बळ्ळारीकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचला.

जुहूचा तो तळ म्हणजे समुद्रकाठचा चिखलाचा पट्टा. विमानांसाठी झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळा आला की भरतीचे पाणी थेट तिथे चढे. मग सगळा संसार उचलून पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर न्यायचा. पस मॉथचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे थोड्या जागेत विमान मावे. तिचे इंजिन उलटे बसवलेले, सिलिंडर खाली. अशा इंजिनात रात्रभर तेल झिरपून खालच्या बाजूला साठते आणि प्लग तेलकट होतात, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून पाहावा लागतो. पावसाळ्यातल्या ढगाळ पहाटे येरवड्याच्या मैदानावर कोणीतरी मेकॅनिक हे रोज करीत असणार. त्याचे नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण त्याने ते केले म्हणून ते विमान घाटमाथ्याच्या पावसातून सुटून आपल्या माणदेशावरून बळ्ळारीला पोचायचे. पहिल्या वर्षात या दोन विमानांनी १ लाख ६० हजार मैल कापले, टपालाबरोबर १५५ प्रवासीही नेले आणि साठ हजार रुपये नफा कमावला. वेळ पाळण्याबद्दल खुद्द सरकारी विमान खात्याने शाबासकी दिली. त्या मोसमात, त्या विमानांवर, वेळ पाळणे हे वैमानिकाइतकेच जमिनीवर काम करणाऱ्यांचे यश होते, आणि जेआरडी ते जाणत.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. व्हिन्सेंट १९४२ साली युद्धकाळात विमान प्रवासात गेला, हा मित्र त्यांना कायमचा सोडून गेला. १९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले. जिप्सी मॉथचा मालक आता समुद्रापार जाणाऱ्या मोठ्या विमानांचा मालक झाला होता.

आणि मग ऑगस्ट १९५३ मध्ये सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना ते पटले नव्हते आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितलेही होते. चिखलातून वाढवलेली गोष्ट हातातून गेली. अशा वेळी माणूस काय करतो? आपल्यातल्या बहुतेकांनी हात झटकले असते. मीही झटकले असते. पंडित नेहरूंनी अध्यक्षपद सांभाळायला सांगितले आणि त्यांनी ते घेतले. पगार न घेता. पुढची पंचवीस वर्षे.

या पंचवीस वर्षांत ते प्रवासी म्हणून विमानात बसले की त्यांची नजर फिरत राही. खुर्ची नीट मागे जाते का, चहा आणि कॉफी यांच्या रंगात फरक दिसतो का, पडद्याचे कापड मळले आहे का, पेला कसा आहे, सगळे टिपून ठेवत आणि परत आल्यावर संबंधितांना चिठ्ठ्या जात. शौचालयात कागदाची गुंडाळी नीट नसली तर स्वतः लावत. काउंटर कळकट दिसला तर स्वतः फडके घेऊन पुसत. टाटा समूहाचे अध्यक्ष, पोलाद आणि मोटारींचे कारखाने हाताखाली, आणि हातात फडके. काही लोक त्याला अतिरेक म्हणत. माझ्या मते ते त्यांच्या तरुणपणीच्या जिप्सी मॉथभोवतीच फेरी मारत होते. उड्डाणापूर्वी वैमानिकाने विमानाभोवती एक चक्कर मारून प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहायची आणि हाताने चाचपायची असते. ती चक्कर त्यांनी कधी थांबवली नाही, विमान कोणाचेही असो.

१९७८ च्या फेब्रुवारीत मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ज्यांनी कधी पगार घेतला नाही, त्यांना निरोपाचा साधा मान मिळाला नाही, याचे तेव्हा लोकांना वाईट वाटले.

मी तेव्हा जुहूलाच होतो. शाळेनंतर साताऱ्याला आयटीआय केले, मग मुंबई, मग एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी. लोकांची खासगी आणि क्लबांची लहान विमाने आमच्याकडे येत. आपल्याला वाटते खासगी विमान म्हणजे ऐषआराम. खरे तर त्याचा मालक अर्धा वेळ काळजीत असतो. उडो न उडो, ठरावीक दिवसांनी तपासणी आलीच. ठरावीक तास झाले की इंजिन उघडणे आले. हँगरचे भाडे, विमा, योग्यतेचा दाखला, प्रत्येक सुट्या भागाचा कागद. विमान उभे राहिले तर जास्तच बिघडते, रबर कडक होते, टाकीत पाणी साठते, चिमण्या घरटी करतात. हौसेने घेतलेली आणि मग शेडच्या कोपऱ्यात हवा गेलेल्या चाकांवर धूळ खात पडलेली विमाने मी कितीतरी पाहिली. घेणाऱ्याजवळ पैसा होता, वेळ नव्हता.

आता एक गोष्ट, जी मी आजवर घरातही सांगितली नव्हती. १९७९ सालची. एका चार आसनी विमानाचे प्लग बदलायचे काम माझ्याकडे होते. घाई होती, मालकाला सकाळी निघायचे होते. काम झाले, झाकण लावले, हत्यारे पेटीत टाकली. मोजली नाहीत. सही करणाऱ्या वरिष्ठाला मी सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. सकाळी ते गृहस्थ आले, त्यांनी विमानाभोवती आपली चक्कर मारली आणि समाधान होईना म्हणून इंजिनाचे झाकण उघडायला लावले. आत, नियंत्रणाच्या दांडीला टेकून, माझा स्क्रू ड्रायव्हर पडलेला होता. विमान हलले असते की तो दांडीत अडकला असता. त्यांनी तो उचलला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्याबरोबर त्या दिवशी त्यांची दोन मुले जाणार होती.

त्या रात्री मला आपले सर आठवले. एक कानस कमी आहे म्हणून आख्ख्या वर्गाला जेवायला न सोडणारे सर. आपण तेव्हा मागच्या बाकावरून त्यांना किती नावे ठेवली होती! त्यानंतर चौतीस वर्षे मी नोकरी केली, आणि हत्यारे मोजल्याशिवाय एकदाही झाकण लावले नाही. निवृत्त झालो त्या दिवशीही मोजली.

१५ ऑक्टोबर १९८२ ला पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली. जेआरडींनी कराची ते मुंबई तोच प्रवास पुन्हा एकट्याने करायचे ठरवले. वय अठ्ठ्याहत्तर. वीस वर्षांपूर्वी, १९६२ मध्येही त्यांनी तो केला होता. पस मॉथ राहिले नव्हते, म्हणून तिच्याच घराण्यातले लेपर्ड मॉथ खटपटीने दुरुस्त करून उडण्याजोगे केले होते. त्या दिवशी जुहूला मोठी गर्दी होती. मी कुंपणाशी उभा होतो, हाताला ग्रीस तसेच. उत्तरेकडून ठिपका दिसला, मग आवाज आला. आमच्या धंद्यात आवाजावरून इंजिनाची तब्येत कळते. चारही सिलिंडर एका लयीत चालले होते. विमान अलगद उतरले. टाळ्या, हार, फोटो. गर्दी पांगल्यावर मी जवळ गेलो. चाकांना ठोकळे लावले होते, पंखांना दोर बांधला होता. मी कापडावर हळूच बोट दाबून पाहिले. ताठ होते, ढोलकीसारखे.

तेव्हा मला कळले की या विमानाला उडवायला म्हाताऱ्या जेआरडींची हिंमत लागली खरी, पण त्याआधी कितीतरी महिने कोणीतरी ते शिवले होते, घासले होते, मोजले होते. आणि इतक्या जुन्या कापडी विमानावर त्या माणसाने जीव टाकला, तो त्या हातांवरच्या भरवशावर. स्वतः विमान पाळले होते म्हणूनच त्यांना असे हात ओळखता येत असत.

१९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसला, जिथे जन्मले तिथेच, त्यांचे दफन झाले. २०२२ च्या जानेवारीत, २७ तारखेला, एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. टीव्हीवर ती बातमी पाहताना मला मालकी परत आल्याचा आनंद झाला, नाही असे नाही. पण मी हिशेब करत बसलो. मालकी टाटांची होती ती १९३२ ते १९५३, एकवीस वर्षे. मालकी नसताना जेआरडींनी तिची निगा राखली ती १९५३ ते १९७८, पंचवीस वर्षे. दुसरा आकडा मोठा आहे.

आता शेवटचे, आणि ज्यासाठी खरे तर मी लिहायला बसलो ते. गेल्या मे महिन्यात मेळाव्याच्या तयारीसाठी आपण काहीजण शाळेत गेलो होतो. आपले जुने वर्कशॉप उघडून पाहिले. ज्या लेथवर आपण पहिला जॉब केला तो पोत्यांखाली आहे. व्हाइस गंजून घट्ट झाले आहेत. कानशींना मुठी नाहीत. नकाशाही नाही. यात शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. विषय बंद झाला, माणसे निवृत्त झाली, आणि आपणही पन्नास वर्षांत कधी विचारायला गेलो नाही. मालकी आपली नव्हती ना!

आपल्या वर्गाने नवीन डिजिटल खोलीसाठी देणगी जमवली आहे. चांगली गोष्ट आहे, माझाही वाटा त्यात आहे. माझे म्हणणे एवढेच की त्यातला चौथा हिस्सा खर्च न करता बँकेत ठेवा आणि त्याचे व्याज दरवर्षी फक्त दुरुस्तीसाठी वापरा. उद्घाटनाचा फोटो सगळे काढतात. पाचव्या वर्षी बंद पडलेला पंखा कोण बदलणार, हे आजच ठरवून ठेवा. आणि त्या खोलीच्या चाव्यांबरोबर एक वही ठेवा, तारीख, काय तपासले, कोणी तपासले, सही. माझी वही मी आणून देतो, कोरी आहे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्या दिवशी मी एक व्हाइस घरी नेला होता. तीन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, स्क्रूचे आटे ब्रशने घासले, तेल घातले. चौथ्या दिवशी दांडा फिरला. मेळाव्याला येताना तो बरोबर आणतो आहे. अजून अकरा शिल्लक आहेत. सांगलीत जे कोणी राहतात आणि ज्यांचे हात अजून चालतात, त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला वर्कशॉपच्या दाराशी यावे. फडकी आणि ब्रश मी आणीन. जाताना हत्यारे मोजूनच सोडीन, आधीच सांगून ठेवतो.